खर्जाचा सा आणि कुडीची फिरकी

१ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये वॉकमन विक्रीला आला. त्याच्याइतकीच नवलाई त्याच्याबरोबरच्या हेडफोनची होती. तोवरचे हेडफोन तीन-चारशे ग्रॅमचे असत, हे जेमतेम ५० ग्रॅमचे. डोक्यावरून एक पातळ पट्टी आणि दोन्ही टोकांना स्पंज, बस्स. डोंबिवलीच्या एका मुलीच्या घरी वॉकमन पोचला तो ऐंशीच्या दशकात, आखातात नोकरीला असलेल्या मामाच्या बॅगेतून. ती तेव्हा शाळेत होती. आता पन्नाशी उलटली, तरी कानाला काहीतरी लावून गाणे ऐकायची तेव्हाची सवय सुटलेली नाही.

कुठलाही हेडफोन ती तानपुऱ्यावर पारखते. ती गाणे शिकली आहे, त्यामुळे कान त्या आवाजाला सरावलेला. काळी एकमध्ये लावलेल्या मर्दानी तानपुऱ्याची खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ वेळा कंप पावते. इतका खालचा सूर इवल्याशा पडद्यातून ऐकायचा, तर कान आणि हेडफोन यांच्यामध्ये फट राहून चालत नाही. राहिली, की सगळ्यांत आधी खर्ज निसटतो. तरीही सूर ओळखू येतोच, कारण मूळ कंप कमी पडला तर वरच्या उपस्वरांवरून मेंदू तो भरून काढतो. म्हणून मोबाइलबरोबर पूर्वी मिळणाऱ्या कडक प्लास्टिकच्या इअरफोनवरही सा हा सा वाटतो, पण त्याचे वजन गेलेले असते. उलट ‘भरपूर बेस’ म्हणून विकले जाणारे हेडफोन खर्ज इतका फुगवतात की जवारीचा झंकार त्याखाली दबतो. हे दुसरे नुकसान तिला जास्त लागते. जवारी ऐकू येत नसेल तर तानपुरा ऐकायचा कशासाठी?

स्पंजवाल्यांत तिचा जीव कॉस कंपनीच्या पोर्टा प्रोवर आहे. हा हेडफोन १९८४ साली आला आणि जवळपास त्याच रूपात आजही मिळतो. कानशिलावर टेकणाऱ्या दोन जादा गाद्या भार वाटून घेतात, त्यामुळे कान चेपत नाहीत. धातूच्या सरकत्या पट्टीत लांब केस अडकतात आणि शेजारच्यालाही गाणे ऐकू जाते, हे दोष आहेतच. रात्री घरात एकटीने ऐकायला मात्र त्याच्याइतका मोकळा आवाज या आकारात तिला दुसरीकडे सापडलेला नाही.

आरामाची चर्चा बहुतेक वेळा वजनापाशीच थांबते. कानावर घट्ट बसणाऱ्या गादीने कुडीची फिरकी कानामागे रुतते, याबद्दल कोणी लिहीत नाही. कान पूर्ण झाकणारी गादी चष्म्याची काडी कानशिलात दाबते. जूनच्या दमट हवेत तर आत घामाच्या धारा लागतात.

लोकलमध्ये स्पंजचा उपयोग नाही. गाडीच्या घरघरीवर मात करायला आवाज वाढवत न्यावा लागतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी सांगितलेली मर्यादा आहे आठवड्याला ४० तास, तीही ८० डेसिबलला. त्याहून मोठ्या आवाजात हे तास झपाट्याने कमी होतात. यावर एक उपाय म्हणजे गोंगाट कापणारे हेडफोन. त्यांची कल्पना बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना सुचली ती १९७८ मध्ये, झुरिकहून बोस्टनला जाणाऱ्या विमानात. ते तंत्र संथ, एकसारखी घरघर छान पुसते. डब्यातले बोलणे तितकेसे नाही. तिने मात्र रबरी टोप्यांचे, कानात घट्ट बसणारे वायरचे इअरफोन निवडले. बाहेरचा आवाज आपोआप अडतो, खर्ज शाबूत राहतो आणि कुड्याही काढाव्या लागत नाहीत. रूळ किंवा रस्ता ओलांडताना ते काढून हातात, हा तिचा नियम.

टिकाऊपणाचे काय? आवाज देणारा पडदा सहसा वर्षानुवर्षे चालतो. आधी जाते ती पिनेजवळची वायर, आणि एका कानातला आवाज बंद होतो. मग गाद्या. त्यांवरचे नकली कातडे पॉलियुरेथेनचे असते, हवेतली आर्द्रता त्याचे रेणू तोडत जाते आणि काळे पोपडे गालाला चिकटतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वायर सोल्डर करून मिळते, गाद्या बदलता येतात. बिनवायरच्या इअरबड्सचे तसे नाही. आतली चिमुकली बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते आणि कवच चिकटवलेले असल्याने, आवाज ठणठणीत असतानाही, सगळेच टाकून द्यावे लागते. तिच्या ड्रॉवरमध्ये अशी एक जोडी पडून आहे, आणि त्या जोडीचा तिला खरोखर राग येतो. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक छोट्या उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता आली पाहिजे. आपल्याकडेही असा नियम हवा.

तोवर दुकानात गेलात तर आधी तानपुरा लावून ऐका, चष्मा आणि कानातले घालूनच ऐका, आणि पैसे मोजण्यापूर्वी विचारा: याच्या गाद्या आणि वायर सुट्या मिळतात का?