अर्धा पेला चहा

जोहरनंतर मुलं झोपली की शेजारच्या बायकांना चहाला बोलवायचं, हा माझा जुना रिवाज. पण धाकटा दोन वर्षांचा झाल्यापासून दुपारी झोपतच नाही. गेल्या महिन्यात त्याने अम्मीने दिलेल्या सेटमधली बशी पाहुण्यांसमोर फोडली. बशीपेक्षा लाजच जास्त वाटली. त्यानंतर दोनदा मी बोलावणं टाळलं.

शेवटी टीपॉयच आत नेला. जमिनीवर चटई, तिच्यावर दस्तरखान, मधोमध खारी आणि नानखटाई. गरम किटली मात्र ओट्यावर, मुलांच्या हातापासून लांब. मुलांना स्टीलच्या छोट्या पेल्यांत दूध.

सासऱ्यांची बहीण, आमच्या फुफी, वर्षभर आमच्याकडे चहा घेत नव्हत्या. ‘आत्ताच घेतला गं,’ म्हणायच्या. मला वाटायचं, रागावल्यात. त्या दिवशी त्यांनी धाकट्याच्या पेल्याकडे बोट दाखवलं. ‘मला तसल्यातच दे. अर्धाच.’

चहा निवू दिला आणि दिला. त्यांनी दोन्ही हातांनी पेला धरला, तरी तो थरथरत होता. धाकटा आपला पेला घेऊन त्यांना टेकून बसला. दोघांचंही थोडं थोडं सांडलं. फडकं घ्यायला मी उठले नाही.