सोन्याची नॅनो नक्षी

लालबागच्या आमच्या चाळीत सोनं म्हणजे मंगळसूत्र, नाहीतर अडीअडचणीला गहाण टाकायची सोय. म्हणून कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये सोन्याच्या थरावरच्या नॅनो नक्षीत प्रकाश कसा वागतो यावर संशोधन झालंय हे वाचलं, तेव्हा कान टवकारले.

गंमत बघा. धातूच्या पातळ पत्र्याला केसाच्या शेकडो पट बारीक भोकं ओळीने पाडली, की ठराविक रंगाचाच प्रकाश अपेक्षेपेक्षा जोरात आरपार येतो. एबेसन आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली चांदीवर हे दाखवलं. आता तिथे रेणू चिकटले, की तो रंग किंचित सरकतो. बस्स, झाला सेन्सर!

अडचण मात्र आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या ओळखीची: फॉल्स पॉझिटिव्ह. रक्तातली भलतीच प्रथिनंही सोन्याला चिकटतात. म्हणून हवा तोच रेणू पकडणारी अँटीबॉडी आधी बसवावी लागते.

२००३ साली शेजारच्या काकांचा टीबीचा कल्चर रिपोर्ट दीड महिन्याने आला. तोवर काकूंनी नातवाला त्यांच्याजवळ फिरकू दिलं नाही. आता जीनएक्सपर्ट दोनेक तासांत सांगतं, पण त्याला यंत्र लागतं, काट्रिज लागतं. नखाएवढ्या चिपने हेच काम गल्लीतल्या डॉक्टरांच्या टेबलावर केलं तर? मी तरी त्याची वाट बघतोय.