ढग, धरण आणि बाबा

इन्सॅट-३डीएस २०२४ च्या फेब्रुवारीत गेला. ३६,००० किलोमीटरवरून कोयनेवरचे ढग झकास दाखवतो. ते फोटो बघूनच सांगलीला फोन लावला, "बाबा, तुम्ही दोघं पुण्याला या."

"तुझे ढग राहू देत. आयर्विन पुलाला पाणी किती फूट झालं ते सांग!"

मुद्दा बरोबर आहे म्हणा. ४० ला इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला ५७ फुटांवर गेलं होतं. पाऊस आकाशातून पडतो, पण कोयनेतून किती सोडायचं, अलमट्टीत किती अडवायचं, हे दोन राज्यांतली माणसं ठरवतात. पूर ओसरला की चर्चाही ओसरते. असो.

मागून आई म्हणाली, "गॅस माडीवर नेलाय."

म्हणजे येत नाहीत. आत्ता ३८ फूट.