पवनचक्कीखाली कॉफी

पाटण तालुक्यात येऊन विजेवाचून कॉफी करायची, यात थोडी थट्टा आहेच. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी पश्चिमेला उतरतं, पोफळीच्या भूमिगत वीजगृहातली चक्रं फिरवतं. चारही टप्पे धरून १९६० मेगावॅटचा हा प्रकल्प. इकडे वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग. वीज थेट डोक्यावर तयार होतेय आणि खाली मी उकिडवा बसून एकामागून एक काड्या विझताना बघतोय.

पठारावर चुलीआधी आडोसा शोधावा लागतो. वाऱ्याच्या बाजूला मोठा धोंडा, पुढ्यात तीन दगड, तेही उघड्या कातळावर, गवतापासून लांब. कारवीच्या वाळक्या काटक्या चटकन पेटतात, पण तितक्याच चटकन संपतात; उकळीपर्यंत टिकायला जाड सरपण हवं. अर्थात १९६७च्या डिसेंबरात, पहाटेच्या भूकंपाने कोयनानगर परिसरातली घरं कोसळली, तेव्हा उघड्यावर चूल मांडणं ही कुणाची हौस नव्हती. आमची ही हौसच.

पाणी मात्र इथे शहाणं होतं. पठार सुमारे ११५० मीटर उंच, त्यामुळे पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. कॉफीला साधारण ९० ते ९६ अंश मानवतात. घरी उकळतं पाणी जरा निववावं लागतं. इथे पातेलं खाली उतरवलं की लगेच पूड टाकावी. पूड भरड हवी, जाड रव्याइतकी. त्यासाठी लोखंडी खलबत्ता पुरतो. कुटायच्या नादात पिठी झाली की कॉफी कडवट होते आणि गाळही तळाशी बसत नाही. पेल्याला दोन चमचे पूड, एकदा ढवळून झाकण, चार मिनिटं हात न लावणं. मग वरून गार पाण्याचा हबका मारला की तरंगणारी पूड बरीचशी खाली बसते. वरचं अलगद ओतून घ्यायचं. गाळणीची आठवणही येत नाही.

दूध घालावं की नाही, यावर आमच्यात दरवेळी दोन तट पडतात. मी दुधाच्या बाजूचा. आणि जायफळाच्या तर ठामपणे! मराठी घरातली कॉफी जायफळाशिवाय मला अर्धवट वाटते. किसणी नसली तर धुतलेल्या काळ्या दगडावर दोन वेढे उगाळावेत. पाणी उकळवून काळी कॉफी पिणारे यावर नाक मुरडतात. मुरडोत.

कोयना अभयारण्यात जायचं असेल तर चुलीचा विषयच काढू नये. तिथे आग पेटवायला बंदी आहे. आदल्या रात्री भरड पूड बाटलीतल्या गार पाण्यात भिजत घालावी, सकाळी फडक्यातून गाळून सोबत घ्यावी. दहा-बारा तासांत पाणीच काम करतं. चव मऊ येते, कडवटपणा कमी. वाफ मात्र नाही, आणि थंडीत अर्धी कॉफी वाफेतच असते.

त्या दिवशी म्हशी चारणाऱ्या एक मावशी वासानं थांबल्या.

“कशाचा वास म्हनायचा ह्यो?”

“कॉफी, मावशी. घ्या की घोटभर.”

“नगं बाबा. कापी आमच्यात ताप आल्याव देत्यात. च्या असता तर घेतला असता.”

त्यांचं काही चुकलं नाही. आपल्या राज्यात कॉफीचे मळे चिखलदऱ्याला. इकडे भात, नाचणी, खाली नदीकाठी ऊस. तरी आग्रहाने पेला हातात दिला. त्यांनी एक घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं, साखर मागितली, मग आणखी दूध मागितलं आणि पेला रिकामा करूनच परत दिला. कॉफी बरी झाली की वाईट, ते काही बोलल्या नाहीत. आमचं आवरून झालं तसं चुलीपाशी बसल्या आणि राखेवर तळहात धरला.

“अजून निखारा हाय खाली. वता त्यो तांब्या. डोंगूर पेटला तर माझी म्हसरं काय तुमची कापी पित्याल?”