उन्हासाठी वाळवंटाकडे

आपल्या समाजात प्रवासाला नेहमी काही निमित्त लागते. लग्न, सुन्नत, बार मित्स्वा, एखाद्या वडीलधाऱ्यांचे आजारपण अथवा मरण, यांपैकी काही घडल्यावाचून तिकीट काढावयाचे नाही, ही आपली रीत होय. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. कारण आपले काही आप्त इस्रायलमध्ये, तर काही मुंबई, ठाणे, पुणे येथे. आणि नोकरीतून मिळणारे सुटीचे मोजके आठवडे या दोन टोकांत वाटून जातात. आम्हा उभयतांचेही तसेच झाले. विवाहाला बेचाळीस वर्षे होऊन गेली. बेन गुरियन विमानतळावर किती वेळा उतरलो याची गणती नाही. परंतु केवळ दोघांनी, केवळ आपल्या सुखासाठी केलेला असा प्रवास एकदाही घडला नव्हता. तो २०२२ च्या हिवाळ्यात आम्ही योजिला. आमच्या वयाची जोडपी अनेक घरांत आहेत. त्या योजनेची हकिकत त्यांच्या उपयोगी पडेल, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

आमच्या आईंची सेवाशुश्रूषा आमच्या घरी अकरा वर्षे चालली होती. २०२१ मध्ये त्या निवर्तल्या. वर्षाचे दुःख पाळून झाले आणि मग घरातील शांतता जाणवू लागली. इतकी वर्षे औषधांच्या वेळा, डॉक्टरांच्या तारखा आणि बाजारहाट एवढ्यावरच आमचे संभाषण चालत असे. ते विषय संपले, आणि एकमेकांशी काय बोलावे हेच सुचेनासे झाले. दोघे एका मेजावर जेवत होतो, परंतु दोन पाहुण्यांसारखे. त्यातच लंडनचा हिवाळा! डिसेंबराच्या मध्यास येथे सूर्य दुपारी चार वाजण्यापूर्वीच मावळतो आणि दिवस आठ तासांचाही भरत नाही. हिवाळ्यात सर्वांनी, आणि आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या लोकांनी वर्षभर, रोज दहा मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा, असा येथील राष्ट्रीय आरोग्यसेवेचा सल्ला आहे. गोळ्या आम्ही घेतच होतो. परंतु आम्हाला हवे होते ते प्रत्यक्ष ऊन.

उन्हाच्या शोधात निघणाऱ्या इंग्रज जोडप्यांसाठी प्रवासकंपन्यांची रंगीत पुस्तके भरपूर असतात. त्यांत कॅनरी बेटे होती, ईजिप्तचा किनारा होता, दुबईही होती. आम्ही नेगेव निवडले. एलातला जानेवारीत दुपारचे तापमान एकवीस अंशांच्या आसपास असते, समुद्राचे पाणीही जवळजवळ तितकेच उबदार राहते. लंडनमध्ये वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर एलातला जेमतेम ३०. कोशेर भोजनाची चिंता नाही, मोडकीतोडकी का होईना हिब्रू येते. शिवाय आम्हाला वाळूत आडवे पडून राहावयाचे नव्हते. चालावयाचे होते, पोहावयाचे होते. त्यासाठी हिवाळ्यातील वाळवंटासारखी जागा नाही, कारण उन्हाळ्यात तेथे पारा चाळिशीला भिडतो आणि दुपारचे चालणे जिवावर बेतू शकते.

पहिली अडचण आली ती माणसांची. दिमोना येथे यजमानांच्या चुलत वहिनी राहतात. त्यांना फोनवर बेत सांगितला, तेव्हा त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, "अहो भाऊजी, आम्हाला वाळवंट फुकट मिळाले होते. तुम्ही त्याचे पैसे मोजता?"

त्या हसत म्हणाल्या, तरी या वाक्याने आम्हाला विचारात पाडले. आपल्या लोकांनी नेगेव निवडले नव्हते. ते त्यांच्या वाट्याला आले होते. बीरशेवा येथे वसवलेल्या बेने इस्राएल कुटुंबांनी १९५१ मध्ये भेदभावाविरुद्ध ज्यू एजन्सीपुढे धरणे धरले आणि भारतात परत पाठवण्याची मागणी केली; पुढे त्यांच्यापैकी कित्येक खरोखरच परत गेले, हा इतिहास आपल्या घराघरांत ठाऊक आहे. दिमोना १९५५ मध्ये वसले, ते मृत समुद्रावरील क्षारकारखान्यातील कामगारांच्या निवासाची सोय व्हावी म्हणून. वहिनींचे यजमान त्याच कारखान्यात तीस वर्षे पाळ्या करीत होते. स्वतः वहिनींनी एन बोकेकच्या एका हॉटेलच्या धुलाईखान्यात बारा वर्षे काम केले. तेथे पाहुणे ज्या पाण्यावर तरंगतात तो वस्तुतः नैसर्गिक समुद्र राहिलेला नाही. मृत समुद्राचे पाणी वर्षाला सुमारे एक मीटर खाली जात आहे. दक्षिणेकडील भाग केव्हाच कोरडा पडला असता. कारखान्यासाठी उत्तरेकडून पाणी पंपाने आणून खाऱ्या मिठागरांत सोडतात, आणि त्यांपैकीच एका मिठागराच्या काठी ती हॉटेले उभी आहेत. ज्यास आपण विश्रांतिस्थान म्हणतो ते आपल्याच माणसांच्या कामाचे ठिकाण होते.

मग जावे की न जावे? आमच्यात दोन रात्री याच विषयावर चर्चा झाली, आणि बऱ्याच काळाने आमच्यात औषधाखेरीज दुसऱ्या विषयावर चर्चा झाली, हेही नमूद केले पाहिजे. सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, आप्तांच्या कष्टाचा मान राखावा. परंतु मान राखणे म्हणजे आपण स्वतः सुख न घेणे नव्हे. यजमानांचे म्हणणे असे की, हॉटेलात उतरल्यास वहिनींना वाईट वाटेल. अखेर आम्ही वहिनींना सरळ सांगितले : "पहिले पाच दिवस आम्हा दोघांचे. शुक्रवारी दुपारपासून आम्ही तुमचे." आपल्याकडे अशी गोष्ट स्पष्ट बोलणे कठीण जाते. परंतु वहिनींनी ती आमच्या अपेक्षेपेक्षा सहज स्वीकारली. "बेचाळीस वर्षांनी मधुचंद्र!" एवढेच त्या म्हणाल्या.

तारखा ठरवताना दोन गोष्टी पाहिल्या. फेब्रुवारीच्या मध्यास येथील शाळांना आठवड्याची सुटी असते आणि तिकिटांचे दर वाढतात, म्हणून त्यापूर्वी परतावयाचे. दुसरे असे की, २०२३ मध्ये तू बिश्वात ५ फेब्रुवारीच्या संध्याकाळी सुरू होत होता. त्या दिवशी एलियाहू हन्नबीचा मलिदा दिमोनात आप्तांबरोबर करता येणार होता. सबब २९ जानेवारीस निघून ७ फेब्रुवारीस परत, असा बेत पक्का झाला.

शरीराची तयारी ऑक्टोबरपासूनच केली. आठवड्यास किमान दीडशे मिनिटे दम लागेल इतका व्यायाम करावा, असे येथील वैद्यकीय अधिकारी सांगतात. आम्ही एपिंगच्या वनात दर रविवारी चालू लागलो. प्रथम तीन मैल, पुढे पाच. सौभाग्यवतींचा उजवा गुडघा दुखरा आहे, म्हणून डॉक्टरांना विचारून दोन काठ्या घेतल्या. विम्याबाबत एक सूचना करावीशी वाटते. ब्रिटनचे आरोग्यकार्ड युरोपात चालते, इस्रायलमध्ये चालत नाही. तेव्हा प्रवासविमा घ्यावाच, आणि रक्तदाब, मधुमेह जे काही असेल ते अर्जात लिहावे. लपवलेला आजार ऐन वेळी सर्व विमा निरुपयोगी करतो.

आमच्या चालण्याच्या आवडी भिन्न. यजमानांना चढण हवी, सौभाग्यवतींना पाणी. म्हणून एक नियम केला : दिवसाला एकच श्रमाचे काम, आणि ते कोणते हे आळीपाळीने एकाने ठरवावे, दुसऱ्याने कुरकुर न करता बरोबर जावे. या नियमाने यादीतून पुष्कळ काही गळाले. मसादाही गळाला, तो आप्तांबरोबर पूर्वी पाहून झाला होता.

पहिल्या दोन रात्री मित्स्पे रामोन येथे. हे गाव समुद्रसपाटीपासून आठशे मीटरांहून उंच, एका प्रचंड खोलगट दरीच्या कड्यावर वसले आहे. ही दरी सुमारे ४० किलोमीटर लांब आणि अर्धा किलोमीटर खोल आहे. उल्केने नव्हे तर पाण्याने, लक्षावधी वर्षे खडक झिजवून ती कोरली. कड्यावर रानबकऱ्या निर्धास्त फिरतात. तेथे अंतराळवीर इलान रामोन यांचे स्मारक आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान नष्ट झाले, तेव्हा त्यांच्याबरोबर आपल्या कर्नालच्या कल्पना चावलाही होत्या. त्या दोघांची छायाचित्रे पाहून आमचे मन भरून आले. रात्री पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो. वाळवंटास जाणाऱ्याने लोकरीचे कपडे न्यावेत, हे सांगूनही कोणाला खरे वाटत नाही.

तेथून दीडशे किलोमीटरांवर एलात. वाटेत वस्ती तुरळक, म्हणून पेट्रोल आणि पाणी भरून निघालो. वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, हे लंडनच्या चालकाने प्रत्येक वळणावर स्वतःस बजावावे. दोन रात्री तेथे राहिलो. एके सकाळी तिम्ना येथील प्राचीन तांब्याच्या खाणी आणि तांबड्या वालुकाश्माचे शलोमोचे स्तंभ पायी पाहिले. स्तंभांना नाव शलोमो राजाचे असले, तरी ते वारापावसाने घडवलेले आहेत. त्यांच्या पायथ्याशी १९६९ मध्ये ईजिप्तच्या हाथोर देवीचे मंदिर सापडले. दुसऱ्या सकाळी प्रवाळकिनाऱ्यावर तोंडात नळी धरून पोहलो. सौभाग्यवती अलिबागच्या, समुद्राकाठी वाढलेल्या. चाळीस वर्षांनी त्या खाऱ्या पाण्यात उतरल्या आणि तासभर बाहेर आल्या नाहीत.

वाळवंटी वाटांवर पांढऱ्या पट्ट्यांमध्ये एक रंगीत पट्टा अशा खुणा असतात. त्या सोडून जाऊ नये. माणशी चार-पाच लिटर पाणी न्यावे. आणि आकाश स्वच्छ असले तरी दूर डोंगरात पाऊस झाल्याची वार्ता असल्यास ओढ्याच्या पात्रात मुळीच उतरू नये. एप्रिल २०१८ मध्ये अशाच पुराने दहा तरुण मुलामुलींचे बळी घेतले.

गुरुवारची रात्र एन बोकेकला. शुक्रवारी सकाळी वहिनींचा मुलगा त्यांना गाडीतून घेऊन आला. शब्बाथचा स्वयंपाक त्यांनी आदल्या दिवशीच उरकला होता. ज्या किनाऱ्यावर बारा वर्षे काम केले, तेथे पाहुणी म्हणून त्या प्रथमच बसत होत्या. चहा आला. आमच्या खोलीत जाऊन त्यांनी प्रथम चादरीची घडी पाहिली, टॉवेलाच्या कडेवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "इस्त्री बरी आहे." मग गॅलरीत उभ्या राहून पांढुरक्या पाण्याकडे पुष्कळ वेळ पाहत होत्या. दुपारी तासाभरात आम्ही सर्व दिमोनात पोहोचलो, आणि रविवारी संध्याकाळी पोहे, गूळ, नारळ व फळे यांच्या तबकाभोवती चार पिढ्या जमल्या.

मित्स्पे रामोनच्या दुसऱ्या रात्री अर्ध्याहून थोडा मोठा चंद्र होता. कड्यावरच्या बाकावर आम्ही लोकरीच्या शाली गुंडाळून बसलो होतो. आईंच्या अखेरच्या रात्रीविषयी आम्ही कधीच बोललो नव्हतो. तेथे बोललो. ते बोलणे येथे लिहिण्याचे कारण नाही. परंतु त्यासाठी आम्हाला घरापासून आणि नातलगांपासूनही दूर अशी एक जागा हवी होती, एवढे आता निश्चित सांगता येते.

त्यानंतर काळ पालटला. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यानंतर सीमेवरील गावे रिकामी करावी लागली, आणि एलातची व मृत समुद्राकाठची हॉटेले विस्थापित कुटुंबांनी भरून गेली. सुमारे पन्नास हजार वस्तीच्या एलातची लोकसंख्या जवळजवळ दुप्पट झाली. पुढील काळात विमानसेवाही वारंवार खंडित झाली. तेव्हा जाऊ इच्छिणाऱ्यांनी तिकीट काढण्यापूर्वी ब्रिटिश परराष्ट्र खात्याचा सल्ला पाहावा. खात्याने प्रवास करू नये असे सांगितले असता गेल्यास बहुतेक विमे रद्द ठरतात. जानेवारी २०२५ पासून ब्रिटिश पासपोर्टवर जाणाऱ्यांना प्रवासाची पूर्वपरवानगीही घ्यावी लागते. इस्रायली नागरिकत्व असलेल्यांचे नियम निराळे आहेत.

शांततेच्या दिवसांत ज्यांना जमेल त्यांनी जावे. सर्वांना सांगून जावे, आप्तांचे दिवस आप्तांना द्यावेत, आणि आपले पाच दिवस मात्र कोणासही देऊ नयेत. गुडघे आणखी किती वर्षे साथ देतील हे ठाऊक नाही. एपिंगच्या वनातील आमचे रविवारचे चालणे अद्याप चालू आहे.