पुढच्या पायांतलं तेल

भाईंदर स्टेशनला पूर्वेकडे उतरून खाडीच्या दिशेनं गेलात, की जेसल पार्क लागतं. इथं लोक संध्याकाळी चौपाटीवर फिरायला येतात. समोर समुद्र नाही हं, वसईची खाडी आहे! पलीकडे नायगावकडे जाणारा रेल्वेचा पूल, काठाला तिवरांची झाडी आणि अंगावर येणारा खारा वारा.

हा वारा आपल्याला आवडतो, पण मोटारसायकलीला मुळीच मानवत नाही. का, ते बघायचं तर रस्त्यात उभ्या असलेल्या एखाद्या मोटारसायकलीपाशी वाका. पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दोन चकचकीत नळ्या दिसतील. मिस्त्री त्यांना ‘शॉकअप’ म्हणतात, पुस्तकात ‘फोर्क’. आत स्प्रिंग असते आणि तेलही असतं. आता तुम्ही विचाराल, उसळी मारायला स्प्रिंग आहे, मग तेल कशाला?

होळीची पिचकारी आठवा. दांडा हळू दाबला तर पाणी मुकाट्यानं बाहेर येतं. जोरात दाबून बघा, हात भरून येतो! फोर्कमध्ये तेल असंच बारीक भोकांतून जातं आणि धक्क्याचा जोर खातं. तेल नसेल तर एका खड्ड्यानंतर गाडी नाचतच राहील. तेलानं धक्के आवरणारा असा दुर्बिणीसारखा सरकणारा फोर्क जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीनं १९३५ साली आपल्या गाड्यांना बसवला. आज तो बहुतेक मोटारसायकलींना असतो.

आता खाऱ्या वाऱ्याचा प्रताप ऐका. नळीवरच्या चकाकीला गंजाचे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. नळी वरखाली सरकताना हे खड्डे कानशीसारखे रबरी सीलला घासतात. सील फाटलं, की तेल झिरपतं आणि कधीकधी थेट ब्रेकवर येतं. काशिमीऱ्याला महामार्ग धरून सामानासकट अहमदाबादकडे निघालेल्या गाडीचा ब्रेक तेलकट झाला तर? म्हणून लांबच्या सफरीआधी सील तपासतात आणि तेल बदलतात.

हे काम जाणत्या मिस्त्रीचंच. वरच्या बोल्टखाली स्प्रिंग दाबलेली असते, तो सुटताना अंगावर उडू शकतो. तुम्ही आपले लांबून बघा! आधी पुढचं चाक उचलून धरतात. जुन्या धाटणीच्या बऱ्याच गाड्यांत तळाचा छोटा स्क्रू काढला की तेल गळतं. इतर गाड्यांत नळ्याच काढून उलट्या करतात. निघालेलं तेल काळपट-करडं दिसतं, वासही कुबट. मग नवं तेल मोजून घालतात. किती आणि कोणतं, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. इंजिनाचं तेल इथं चालतंच असं नाही. दोन्ही नळ्यांत माप सारखंच हवं. कमी पडलं तर गाडी खड्ड्यात तळाला आपटते, जास्त झालं तर वर हवेला जागा उरत नाही आणि सीलवर दाब येतो. शेवटी नळ्या हळूहळू वरखाली करून अडकलेली हवा काढतात आणि तेलाची पातळी पुन्हा मोजतात.

राहिलं ते जुनं तेल. भांडंभर तर आहे, ओता गटारात, असं म्हणणारे भेटतात. पण इथं गटाराचं पाणी शेवटी जाणार कुठं? खाडीतच ना! तिथल्या चिखलातून बोटांसारखी वर आलेली मुळं पाहिलीत का? तिवर त्यांतून श्वास घेतो. तेलाचा लेप बसला की मुळांची छिद्रं बुजतात आणि झाड गुदमरतं. भरती-ओहोटी तेच तेल रोज दोनदा पुढं-मागं नेते. वापरलेलं तेल कायद्यानंही घातक कचऱ्यात धरलं जातं. म्हणून ते झाकणाच्या डब्यात साठवून, त्यावर प्रक्रिया करणाऱ्यांकडे पोचवणाऱ्या गॅरेजात द्यायचं.

घरी मोटारसायकल असेल तर ती थंड असताना पुढच्या नळ्यांवरून कोरडं फडकं फिरवून बघा. फडक्याला तेलकट कडं उमटलं, तर घरच्यांना आजच सांगा.