पीटचा पुतळा कशासाठी?

सांगली

चि. मैत्रेयी,


बॅटन रूजहून तू पाठवलेला पुतळ्याचा फोटो आजीने मोठा करून दाखवला. खाली तुझा प्रश्न: ‘आबा, याचा विक्रम तर केटलिन क्लार्कने मोडला. मग पुतळा कशाला?’ मला विचारलंस ते बरं केलंस. मी एलएसयूत, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत, साखर तंत्रज्ञान शिकत होतो, तेव्हा पीट मॅराविच तिथेच बास्केटबॉल खेळत होता.

आधी आकडे उरकू. कॉलेजातले ३ हंगाम, ८३ सामने, ३,६६७ गुण; हाच तो विक्रम. सामन्याला सरासरी ४४.२. तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात घेत नसत आणि तीन गुणांची रेषाही नव्हती. कितीही लांबून बास्केट केलं तरी गुण दोनच. क्लार्कने मार्च २०२४ मध्ये हा आकडा ओलांडला, तो चौथ्या वर्षी आणि त्या रेषेच्या साथीने. तिचं मला कौतुकच आहे. ती पास देते तेव्हा पीटची हटकून आठवण होते.

पण आम्ही गुण मोजायला जात नव्हतो. ज्या सभागृहावर आज त्याचं नाव आहे ते १९७२ मध्ये उघडलं. पीट १९७० मध्येच कॉलेज सोडून गेला होता. त्याचे सामने व्हायचे ते शेतकी कोलिझियममध्ये. तिथे एरवी गुरांची प्रदर्शनं आणि रोडिओ भरत. त्या शेणामातीच्या वासात हा सडपातळ मुलगा घोट्यावर ओघळलेले मोजे घालून धावत यायचा. उजवीकडे बघत चेंडू डावीकडे द्यायचा. भर वेगात पाठीमागून, कधी दोन पायांमधून. कधी त्याच्याच सोबत्याला चेंडू आलेला कळायचा नाही आणि तो तोंडावर आदळायचा. कोल्हापूरच्या खासबागेत बड्या जोडीची कुस्ती संपली की मैदान ओसरतं ना, तसंच तिथे झालं होतं म्हणे. पीट पहिल्या वर्षात असताना नवख्यांचा सामना आधी व्हायचा. तो बघून लोक उठायचे आणि मुख्य संघ रिकाम्या बाकांपुढे खेळायचा.

हे कसब त्याच्या वडिलांनी, प्रेस मॅराविचने, घडवलं. तेच एलएसयूचे प्रशिक्षकही होते. पीटच्या लहानपणी ते गाडी चालवत आणि तो खिडकीतून हात काढून रस्त्यावर चेंडू आपटत राही. सिनेमाला गेला तर कडेची खुर्ची धरायचा, म्हणजे शेजारच्या वाटेत चेंडू टप्प्याटप्प्याने खेळवता येई.

दुसरी बाजूही सांगतो. तो सामन्यात सरासरी ३८ वेळा बास्केटवर नेम धरी, आणि प्रशिक्षक बापच असल्यावर अडवणार कोण? पहिल्या हंगामात संघ १४ सामने जिंकला, १२ हरला; दुसऱ्यात १३ जिंकले, १३ हरले. तिसरा हंगाम चांगला गेला, तरी एनसीएए या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेचं तोंड पीटने कधी पाहिलं नाही. आणखी एक गोष्ट मला तेव्हाही खटकायची. त्या संघात एकही काळा खेळाडू नव्हता. एलएसयूच्या बास्केटबॉल संघात पहिला आला तो कोलिस टेंपल, पीट गेल्यावर. म्हणजे कित्येक गुणी पोरांना त्या मैदानात पाऊलही टाकता आलं नाही. पीटचं कौतुक करताना हे विसरू नये.

पुढे तो व्यावसायिक बास्केटबॉल खेळला, १९८७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. ५ जानेवारी १९८८ ला पॅसाडिनात मित्रांबरोबर हौसेने खेळताना कोसळला. वय ४०. तपासणीत कळलं की हृदयाची डावी धमनी त्याला जन्मापासूनच नव्हती. एवढी धावाधाव त्याने उरलेल्या एका धमनीवर केली होती. त्याच वर्षी सभागृहाला त्याचं नाव दिलं गेलं.

आता तुझं उत्तर. फुटबॉलवेड्या त्या गावाला बास्केटबॉलच्या तिकिटासाठी धडपडायला पीटने लावलं. हरलेल्या सामन्यातूनही आम्ही खूश होऊन खोलीवर यायचो. विक्रम कधी ना कधी मोडणारच होता. तो पुतळा त्या खुशीचा आहे.

त्याचे जुने चित्रफितीतले सामने शोध. फलकाकडे बघू नकोस, त्याच्या डोळ्यांकडे बघ. चेंडू कुणाकडे जाणार हे तुला आधी किती वेळा ओळखता आलं ते मला प्रामाणिकपणे कळव.

तुझे,
आबा